माठ, लॅपटॉप आणि ठकीचा ठ

नवा माठ आणि नवा लॅपटॉप यांच्यात सारखे काय असते?

हे कोडे एखाद्या निवांत दुपारी कुणी घातले असते, तर ठकीने ते हौसेने सोडवले असते. तिला कोडी आवडत. पण आता तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. चार वाजून दहा मिनिटांच्या आत तिला एका उपग्रहाला निरोप पाठवायचा होता, आणि ज्या लॅपटॉपवरून तो पाठवायचा, तो नेमाजीने दोन्ही हातांत घट्ट धरून डोक्याच्या वर उचलून ठेवला होता.

"दोन्ही वस्तू नव्या आहेत," नेमाजीने आपल्या कोड्याचे आपणच उत्तर दिले. "नवी वस्तू आधी भरायची. भरून बारा तास ठेवायची. मग पूर्ण रिकामी करायची. असं तीनदा. मग वापरायची. माठ परवा मिळेल, ठकीताई. लॅपटॉपही परवाच मिळेल."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नवा माठ पाण्याने काठोकाठ भरून ठेवलेला होता. त्याच्या शेजारची जागा नेमाजीने पुसून स्वच्छ केली होती. ती लॅपटॉपसाठी होती, हे ठकीच्या लक्षात आले आणि तिला रडावे की ओरडावे ते कळेना.

नेमाजी म्हणजे त्यांच्या घरातला यंत्रमानव. उंचीला ठकीच्या बाबांएवढा, पायांच्या जागी चाके, लांब हात आणि चेहऱ्याच्या जागी एक गोल तबकडी, तिच्यावर दोन पिवळे दिवे. एकदा सांगितलेला नेम तो कधी मोडत नसे, म्हणून त्याचे नाव नेमाजी. घरातले दोनशे चौदा नियम त्याला पाठ होते. दूध दोनदा तापवायचे. छत्री उघडी वाळवायची. आबांच्या चष्म्याला कुणी हात लावायचा नाही. एरवी ठकीला त्याचे हे वागणे गमतीचे वाटे. आज वाटत नव्हते.

ही गोष्ट आहे दोन हजार अठ्ठावन्न सालच्या फेब्रुवारीतली, चिखलदऱ्याची. ठकीचे शाळेतले नाव शाल्मली पाचखेडे. वय अकरा. बाबा अमरावतीला नोकरीला, शनिवारी-रविवारी घरी येत. आई त्याहून फार लांब होती. अंटार्क्टिकावरच्या एका संशोधन-तळावर ती वीजयंत्रणा सांभाळत असे. तिला जाऊन तेरा महिने झाले होते आणि आता पुढचा हिवाळाही ती तिथेच काढणार होती. तिथला हिवाळा म्हणजे महिनोन्‌महिने अंधार.

अंधार पडायच्या आत मायलेकींनी एक बेत केला होता. बाल-अवकाश मंडळाचा एक छोटासा उपग्रह होता, नाव पाखरू. निवडलेल्या मुलांना त्याची एकेक फेरी मिळे. पाखरू आपल्या डोक्यावर असताना आपल्याला हव्या त्या जागेचे अक्षांश-रेखांश (पृथ्वीवरचा नेमका पत्ता सांगणारे आकडे) त्याला कळवायचे, की ते तिथून जाताना एक छायाचित्र काढणार. एका मुलाला एकच फेरी. चुकली तर ती यादीतल्या पुढच्या मुलाकडे जाणार.

ठकीची फेरी आजची होती. चार वाजून दहा मिनिटांनी पाखरू सातपुड्यावरून दक्षिणेकडे जाणार होते आणि त्यानंतर चोवीस मिनिटांनी आईच्या तळावरून. त्या वेळी आई आणि तिचे सहकारी जहाजाच्या सामानावरच्या जुन्या नारिंगी ताडपत्र्या बर्फावर अंथरून ठेवणार होते. कोणत्या आकारात, ते मात्र आईने सांगितले नव्हते. ते फोटोतच बघायचे होते.

अडचण एवढीच, की पाखरू कुणाचेही ऐकत नसे. मंडळ प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप पाठवी. त्याच्या आत त्या मुलाची गुप्त खूण असे आणि त्याच लॅपटॉपवरून आलेला निरोप पाखरू मानी. तो लॅपटॉप तीन दिवसांपूर्वी यायला हवा होता. पण घाटात वारा फार होता, त्यामुळे सामान आणणारे ड्रोन परतवाड्यालाच अडकून पडले. आज दुपारी वारा पडला, तीन वाजून पाच मिनिटांनी ड्रोन अंगणात उतरले, आणि ठकी चपला घालून बाहेर पोचेपर्यंत नेमाजीने खोके उचलून आत आणलेसुद्धा.

ठकीने आधी शांतपणे सांगून पाहिले. मग हात जोडून. मग स्टूल आणून त्यावर चढून. ती जितकी वर चढली, तितका नेमाजीने हात उंच केला.

"नेमाजी, हा माझा हुकूम आहे," ती शेवटी म्हणाली.

"हुकमानं नियम बदलत नाही, ठकीताई. कारणानं बदलतो. कारण सांगा."

ही अट आबांची. ठकी पाच वर्षांची असताना तिने हुकमावर हुकूम सोडून नेमाजीकडून सलग पाच दिवस जेवणात फक्त श्रीखंड करवून घेतले होते. त्यानंतर आबांनी त्याच्या यंत्रणेत ही अट कायमची घालून टाकली: नियम बदलायचा असेल, तर तो का बदलायचा हे समजावून द्यावे लागेल, आणि ते नेमाजीला पटावे लागेल. तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आबांचे कौतुक केले होते.

ठकी परसदारी पळाली.

आबा म्हणजे आईचे वडील. तीस वर्षे ते विद्युत-रसायनशास्त्रज्ञ (रसायनांतून वीज कशी मिळवायची याचा अभ्यास करणारे) म्हणून काम करत होते, आणि त्यातली वीस वर्षे त्यांनी बॅटऱ्यांच्याच मागे घालवली होती. म्हणजे या क्षणी साऱ्या चिखलदऱ्यात ठकीला हवा असलेला माणूस तोच. तो माणूस पत्र्याच्या शेडमध्ये मांडी घालून बसला होता आणि शिमग्यासाठी जुन्या ढोलकीच्या कड्या तपासत होता. ठकीने सगळे एका दमात सांगितले. आबा शांतपणे ढोलकी पुसत राहिले. तेव्हा तिला दिसले, की आबांचे कानातले यंत्र शेजारी फळीवर चार्जिंगला लावलेले आहे.

तिने ते काढून त्यांच्या हातात दिले आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगितले. तीन वाजून बावीस मिनिटे.

आबा लगेच उठले, हे खरे. पण ते चालत हळू, आणि वाटेत चप्पल बदलत. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी नेमाजीला लॅपटॉप खाली ठेवायला सांगितले.

"हा नियम तुम्हीच दिलात, आबा," नेमाजी म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "सात वर्षांपूर्वी तुम्ही मला पत्र्याच्या पेटीतल्या सगळ्या पुस्तिका वाचायला दिल्या. पिवळी पुस्तिका, पान दोन. पहिल्या वापरापूर्वी बॅटरी बारा तास भरावी. तीन वेळा पूर्ण भरून पूर्ण रिकामी करावी. त्याच आठवड्यात ताईंनी, म्हणजे ठकीताईंच्या आईनं, सांगितलं, नवा माठ रात्रभर भरून ठेवावा, पाणी ओतून द्यावं, असं तीनदा करावं. दोन्हीकडे नवी वस्तू, दोन्हीकडे भरणं, दोन्हीकडे तीनदा. मी एकच नियम केला. क्रमांक एकशे सदतीस."

आबा हसू लागले. पिवळी पुस्तिका त्यांच्या वडिलांच्या बिनतारी फोनची होती, साठेक वर्षांपूर्वीची. तो फोन कधीच भंगारात गेला, पुस्तिका मात्र पेटीत राहिली, कारण आबा छापलेला कागद टाकून देत नसत. त्यांना हसू आवरेना. ठकी घड्याळाकडे बघत होती.

"आबा, त्याला कारण सांगा ना लवकर."

"सांगतो. पण ते तुलाही कळायला हवं. माठ का भिजवतात गं?"

"आबा!"

"त्याशिवाय पुढं जाता येणार नाही. बोल."

ठकीने दात आवळून उत्तर दिले. माठ मातीचा असतो, त्याला बारीक छिद्रे असतात, नव्या माठात भाजलेल्या मातीची धूळ आणि वास असतो. पाणी भरून ठेवले, की छिद्रांत पाणी मुरते, धूळ सुटते, वास जातो. मग माठ नीट पाझरतो आणि पाणी गार करतो.

"बरोबर. म्हणजे नियमाला कारण आहे. पिवळ्या पुस्तिकेलाही होतं," आबा खुर्ची ओढून बसत म्हणाले. त्यांनी बसायला नको होते. आबा बसले, की गोष्ट लांबते, हा ठकीचा अनुभव होता.

त्या काळी, आबांनी सांगितले, फोनमध्ये निकेल आणि कॅडमियम नावाच्या धातूंच्या बॅटऱ्या असत. बॅटरी म्हणजे काही विजेची बाटली नव्हे. तिच्यात रसायने असतात. वीज आत ढकलली, की ती एका रूपातून दुसऱ्या रूपात जातात, आणि परत पहिल्या रूपात येताना ती वीज आपल्याला देतात. निकेलच्या बॅटऱ्या दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने पडून राहत. पडल्या पडल्या आपोआप रिकाम्या होत, आणि आतली रसायने सुस्तावून जात. अशा बॅटरीला जागे करायला सावकाश, खूप वेळ भरावे लागे. एकदा भरून भागत नसे, दोन-तीनदा भरून रिकामी केल्यावर ती ताळ्यावर येई. शिवाय तिला एक खोड होती. दर वेळी अर्धीच रिकामी करून भरली, तर काही दिवसांनी ती अर्धीच वीज देई. म्हणून पूर्ण रिकामी करायची.

"मग नियम बरोबर आहे," नेमाजी म्हणाला.

"त्या बॅटरीसाठी बरोबर होता. या लॅपटॉपमध्ये लिथियमची बॅटरी आहे."

"फरक सांगा."

तीन वाजून छत्तीस मिनिटे. ठकीने डोळे मिटून घेतले.

आबांनी टेबलावर दोन पोळपाट ठेवले. लिथियमच्या बॅटरीला अशा दोन बाजू असतात, ते म्हणाले. एका बाजूला ग्रॅफाइटचे पातळ पापुद्रे, म्हणजे तुझ्या पेन्सिलीच्या शिशात असते तेच. दुसऱ्या बाजूला धातूच्या संयुगाचे पापुद्रे. मध्ये एक द्रव. लिथियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) त्या द्रवातून एका बाजूकडून दुसरीकडे जातात. चार्जिंग म्हणजे त्यांना ढकलत ढकलत ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत नेऊन बसवणे. वापरताना ते परत येतात.

"आता नीट ऐक. अगदी पहिल्यांदा जेव्हा हे आयन ग्रॅफाइटपाशी जातात, तेव्हा तिथं एक वेगळीच गोष्ट घडते. थोडा द्रव ग्रॅफाइटला लागून विघटतो (त्याचे तुकडे पडतात) आणि ग्रॅफाइटवर एक पातळ पडदा धरतो. आपल्या दुधावर काय धरतं?"

"साय," ठकी म्हणाली. मनात नसतानाही तिचे लक्ष आबांकडे गेले होते.

"साय. ही साय फार कामाची. तिच्यातून लिथियमचे आयन जातात, द्रव जात नाही. त्यामुळं पुढचा द्रव खराब होत नाही. साय पातळ आणि एकसारखी धरायला हवी असेल तर?"

"दूध मंद आचेवर तापवायचं."

"तसंच. ही पहिली भरणी अगदी हळू करतात, कित्येक तास, तपासत तपासत."

"म्हणजे बारा तास भरायलाच हवी," नेमाजी म्हणाला आणि त्याचे पिवळे दिवे जरा उजळले. लॅपटॉप पुन्हा वर गेला.

ठकी खरेच रडकुंडीला आली. आबांनी नियम मोडायला सुरुवात केली होती आणि तो आणखी पक्का करून ठेवला होता. तिने पोळपाटांकडे पाहिले, कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिले. आणि एकदम तिला काहीतरी सुचले.

"आबा, ती पहिली भरणी कुठं करतात?"

आबा तिच्याकडे वळले. त्यांचे डोळे मिश्कील झाले, त्यावरून तिला कळले, की प्रश्न बरोबर आहे.

"कारखान्यात," ती सावकाश म्हणाली. "साय कारखान्यातच धरवतात. भरणी तपासत तपासत करायची, तर ती तिथंच करायला हवी." मग ती नेमाजीकडे वळली. "नेमाजी, समज, कुंभारानंच माठ तीन रात्री भिजवून, धुऊन, मग आपल्याला विकला. घरी आणल्यावर तू तो पुन्हा तीन रात्री भिजवशील?"

नेमाजीचे दिवे मंद झाले. तो विचार करू लागला, की असे होई.

"भिजवण्याचं कारण छिद्रांत पाणी मुरणं," तो म्हणाला. "पाणी मुरलेलं आहे. कारण उरलं नाही. नाही भिजवणार."

"मग?"

"लॅपटॉपची पहिली भरणी झालेली आहे. कारण उरलं नाही." थोडे थांबून तो म्हणाला, "पण पूर्ण रिकामं करण्याचं काय?"

त्याचे उत्तर आबांनी दिले, आणि आश्चर्य म्हणजे थोडक्यात दिले. लिथियमला ती अर्ध्यावरची खोड नाही. उलट पुन्हा पुन्हा तळापर्यंत रिकामी केली, तर तिची झीज लवकर होते. म्हणजे तीनदा रिकामी करून नेमाजीने लॅपटॉपचे भले केले नसते.

नेमाजीने हात खाली केला. तीन वाजून एकावन्न मिनिटांनी लॅपटॉप ठकीच्या मांडीवर आला.

झाकण उघडले. कोपऱ्यातल्या बटणावर एक गोल आणि त्याच्या माथ्यावर छोटी उभी रेघ होती. सगळ्या यंत्रांच्या चालू-बंदच्या बटणावर असते ती खूण. लहानपणी आई मिक्सरवर, दूरदर्शन संचावर, नेमाजीच्या पाठीवर ती खूण दाखवून म्हणायची, बघ, जगातल्या सगळ्या यंत्रांवर ठकीचा ठ काढून ठेवलाय. सहा वर्षांची होईपर्यंत ठकीला ते खरे वाटत होते. शाळेत कुणाला तरी सांगितल्यावर सगळा वर्ग हसला होता.

तिने बटण दाबले.

काही झाले नाही. पुन्हा दाबले. दाबून धरले. पडदा काळाच राहिला.

"रिकामा आहे," नेमाजी म्हणाला. "भरावा लागेल. बारा तास."

ठकीने लॅपटॉप टेबलावर ठेवला, जरा जोरातच.  एवढा पोळपाटांचा खटाटोप झाला, साय झाली, कुंभार झाला, आणि शेवटी नेमाजीचेच खरे. तिकडे आई आता बर्फात हातमोजे घालून ताडपत्र्या ओढत असेल.

"रिकामा नसेल, झोपलेला असेल," आबा म्हणाले. "लावून बघ त्याला."

"आबा, वीस मिनिटांत काय भरणार आहे?"

"भरायचं कुठं म्हटलं मी? लाव फक्त."

तिने चार्जर खोक्यातून काढला. त्याला कागदी पट्टी गुंडाळलेली होती, ती सुटेना, दाताने तोडली. पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली, दुसरे टोक लॅपटॉपला.

दोन सेकंदांत कडेला एक पांढरा दिवा लागला. पडदा उजळला. वरच्या कोपऱ्यात बॅटरीचे छोटे चित्र होते आणि शेजारी आकडा: एकेचाळीस टक्के.

"एवढ्यात?" ठकी म्हणाली. "दोन सेकंदांत एकेचाळीस?"

"ते आधीपासूनच होते. आता फक्त दिसले."

पण समजून घ्यायला वेळ नव्हता. पडद्यावर स्वागताचा मजकूर आला होता. लॅपटॉपने भाषा विचारली. देश विचारला. नाव विचारले. अटी मान्य आहेत का विचारले, आणि त्या एकोणीस पानांच्या होत्या. मग एक निळी पट्टी आली आणि खाली अक्षरे उमटली: तयारी चालू आहे, कृपया थांबा. पट्टी तीन टक्क्यांवर होती. तीन वाजून सत्तावन्न मिनिटे.

"आता थांबायचंच आहे, तर विचार," आबा म्हणाले.

ठकीने त्यांच्याकडे रागाने पाहिले. पट्टी चार टक्के झाली. मग तिने विचारले, कारण विचारले नाही तर ती त्या पट्टीकडे बघून वेडी झाली असती.

आबांनी सांगितले, की लॅपटॉप कारखान्यातून निघून मुलाच्या हातात पडेपर्यंत कित्येक महिने जातात. तेवढ्या काळात आतले छोटे छोटे भाग थेंबथेंब वीज पीत राहतात. म्हणून पाठवताना बॅटरी आणि बाकीचे यंत्र यांच्यातला रस्ता एका इवल्याशा कळीने (स्विचने) तोडून टाकतात. याला प्रवासनिद्रा म्हणू या (वाटेत वीज वाया जाऊ नये म्हणून यंत्राला आणलेली गाढ झोप). चार्जर लावला, की बाहेरची वीज त्या कळीला सांगते, पोचलो, जागा हो. म्हणून काही नवे लॅपटॉप आधी चार्जरला लावल्याशिवाय सुरूच होत नाहीत. लोकांना वाटते, रिकामा होता.

"म्हणजे पहिल्यांदा चार्जरला लावायचं हे खरं," ठकी म्हणाली. "पण भरायला नाही, उठवायला." पट्टी एकतीसवर होती. "मग एकेचाळीसच का? शंभर भरून का नाही पाठवत? पाठवायचं तर नीट भरून पाठवावं की."

"मगाशी मी शेडमध्ये काय करत होतो?"

"ढोलकी."

"शिमगा झाला, की मी तिच्या कड्यांचं काय करतो?"

"सैल करता," ठकी म्हणाली. हे तिने दरवर्षी पाहिले होते. ढोलकी ताणलेली ठेवली तर कातडे ओढून ओढून फाटते. अगदी ढिली सोडली, तर ते आक्रसून वाकडे होते. आबा ती मधल्या ताणावर ठेवून खुंटीला लावत.

पूर्ण भरलेल्या बॅटरीत ग्रॅफाइटचे पापुद्रे आयनांनी ठासून भरलेले असतात आणि दुसरी बाजू ओकीबोकी. दोन्ही बाजू ताणात असतात, द्रव हळूहळू खराब होत जातो, उन्हात तर फारच लवकर. अगदी रिकामी ठेवली, तर पडून पडून ती इतकी खाली जाते, की परत भरता येत नाही. म्हणून महिनोन्‌महिने पडून राहायचे असेल, तेव्हा निम्म्याच्या आसपास.

"म्हणजे तो आपल्यापर्यंत मधल्या ताणावरच्या ढोलकीसारखा आला," नेमाजी म्हणाला. तो इतका वेळ ऐकत होता, हे दोघांच्या लक्षातच आले नव्हते.

पट्टी नव्व्याण्णववर येऊन थांबली. चार वाजून सहा मिनिटे. चार वाजून सात. आबासुद्धा बोलायचे थांबले. नव्व्याण्णव. ठकीच्या मनात आले, की जगातली सगळी यंत्रे नव्व्याण्णववर येऊन माणसाचा अंत पाहतात, आणि याला मात्र काही कारण असणे शक्य नाही.

चार वाजून आठ मिनिटांनी पडदा बदलला. पाखराचे चिन्ह आले. ठकीने आकडे टाकले, ते तिला गेल्या महिन्यापासून पाठ होते. एकदा तपासले. पाठवा.

क्षणभराने उत्तर आले: निरोप मिळाला. जाते.

तेव्हा घड्याळात चार वाजून नऊ मिनिटे झाली होती. ठकी पाय पसरून जमिनीवरच बसली. आबांनी तिला जुन्या माठातले पाणी दिले.

संध्याकाळी पावणेसहाला फोटो आला. आधी पांढरेच पांढरे दिसले. ठकीने तो मोठा करत नेला. कडेला तळाच्या इमारतींचे काळे ठिपके होते. त्यांच्या खाली, बर्फाच्या मोकळ्या पटावर, नारिंगी रंगाचा एक गोल होता. जरा वेडावाकडा, एका बाजूने वाऱ्याने दुमडलेला. आणि गोलाच्या माथ्यावर छोटी उभी रेघ.

ठकीने पडद्यावर बोटाने तो गोल गिरवला. आबांनी चष्मा काढून पुसला.

नेमाजीने तबकडी पडद्याजवळ आणली. "हे यंत्र चालू करायचं बटण आहे," तो म्हणाला.

"नाही," ठकी म्हणाली. "तो ठ आहे. ठकीचा."

नेमाजी थांबला. आज दुपारपासून त्याने आपल्या दोनशे चौदा नियमांपुढे एकेक रिकामी ओळ सोडायला घेतली होती, कारण लिहिण्यासाठी. बऱ्याच ओळी रिकाम्याच होत्या. आबा म्हणाले होते, ठकीच्या मुलांच्या वेळी बॅटऱ्या मिठातल्या सोडियमच्या असतील, नाहीतर आज नावही नसलेल्या कशाच्या तरी, आणि तेव्हा आजचे नियम पुन्हा एकदा विचारून घ्यावे लागतील. ठकीने मनात एक प्रश्न राखून ठेवला होता. बर्फात बॅटरीतला तो द्रव गारठत कसा नाही? तो आईला विचारायचा होता. आईचे तेच तर काम होते.

"बर्फावर ठ का काढला?" नेमाजीने विचारले. "कारण सांगा, ठकीताई."

दिवसभरात हे वाक्य ऐकून ठकीला पहिल्यांदाच वैताग आला नाही. तिने स्टूल ओढले, नेमाजीसमोर बसली, आणि सांगायला सुरुवात केली.